‘वेद’चं स्लाव्ह भावंड: *वेदेती हे क्रियापद आणि त्याची रूपं

आद्य स्लाव्ह भाषेत, म्हणजे रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेत, ‘माहीत असणे’ या अर्थाचं एक क्रियापद होतं: *वेदेती. संस्कृतातलं ‘वेद’, ‘वेत्ति’, ‘विद्या’ ज्या धातूचं, त्याच धातूचं हे. स्लाव्ह व्याकरणाच्या पुस्तकांत ते ‘अनियमित क्रियापदं’ या मथळ्याखाली येतं आणि विद्यार्थी त्याचा तक्ता पाठ करून मोकळे होतात. खरं तर त्यातली बहुतेक रूपं दोनतीन ध्वनिनियमांनी हातानं काढता येतात. ज्याला शाळेतलं संस्कृत थोडंफार आठवतं, त्याला तर हे काम चेक किंवा पोलिश माणसापेक्षाही सोपं जातं, कारण स्लाव्ह भाषेनं जी व्यंजनं गिळली ती संस्कृतनं जपून ठेवली आहेत.

आधी लेखनाची सोय लावून घेऊ. रूपामागचा तारा म्हणजे ‘हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, तुलनेनं काढलेलं आहे’. आद्य स्लाव्ह ही लिहिली न गेलेली भाषा. तिला सर्वांत जवळची लिखित भाषा म्हणजे जुनी चर्च-स्लाव्हॉनिक. सिरिल आणि मेथोडियस हे बंधू 863 मध्ये मोराव्हियात गेले, त्या कामातून ती लिहिती झाली. आज हातात असलेली तिची हस्तलिखितं साधारण दहाव्या-अकराव्या शतकातली. तारांकित आणि जुन्या रूपांत मी ऱ्हस्व ‘ि’ आणि ‘ु’ ही चिन्हं स्लाव्ह भाषेतल्या दोन अतिऱ्हस्व स्वरांसाठी वापरतो. ते मूळच्या ऱ्हस्व इ आणि उ यांचेच वंशज आहेत, त्यामुळे संस्कृतशी ताडून पाहताना ही सोय कामी येते. दीर्घ ‘ी’ म्हणजे पूर्ण ई. ‘ॆ’ म्हणजे ऱ्हस्व ए, आणि साधा ‘े’ म्हणजे स्लाव्ह भाषाशास्त्रात ‘यात’ नावानं ओळखला जाणारा दीर्घ स्वर. हा ‘यात’ उच्चारात ‘बॅट’मधल्या ॲ च्या जवळचा असावा. फिनिश भाषेनं स्लाव्ह ‘मेरा’ (माप) हा शब्द उसना घेतला तो ‘मॅरॅ’ असा, म्हणजे ‘यात’च्या जागी हाच उघडा ॲ ठेवून. चर्च-स्लाव्हॉनिकच्या जुन्या ग्लागोलिती लिपीतही ‘यात’ आणि ‘या’ यांना एकच अक्षर आहे.

आता तक्ता.

एकवचन: मला माहीत आहे *वेदे (जोडीला *वेमि), तुला *वेसी, त्याला *वेस्ति
द्विवचन: आम्हा दोघांना *वेवे, तुम्हा दोघांना *वेस्ता, त्या दोघांना *वेस्तॆ
अनेकवचन: आम्हाला *वेमु, तुम्हाला *वेस्तॆ, त्यांना *वेदेंति

पहिल्या खान्यात दोन रूपं आहेत. या क्रियापदाचा सगळा इतिहास त्या एका खान्यात दाटला आहे, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ थांबायला हवं.

मूळ धातू *वॆइद्, अर्थ ‘पाहणे’. आद्य इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह या सगळ्यांच्या मूळ भाषेत, याचं एक पूर्णत्वदर्शक रूप होतं, संस्कृत व्याकरणाच्या भाषेत लिट् लकाराचं. त्यात धातूचा स्वर बदलून *वॊइद् असा होई. ‘मी पाहून झालो आहे’ म्हणजेच ‘मला माहीत आहे’. पाहण्याचा परिणाम म्हणून उरलेली स्थिती, हा त्या लकाराचा गाभा. संस्कृतात हेच ‘वेद’: अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद; वयं विद्म, यूयं विद, ते विदुः. इतर लिट् रूपांत द्वित्व येतं (चकार, ददर्श), ‘वेद’ला ते नाही. आणि अर्थ भूतकाळाचा नसून वर्तमानाचा. ग्रीक ‘ओइदा’ हे त्याचंच भावंड. जर्मन ‘इख वाइस’ (मला माहीत आहे) हेही तेच, आणि त्याचं अनेकवचन ‘विसन’ आजही स्वर बदलतं, जसं संस्कृतात वेद पण विद्म. म्हणजे हे रूप फार जुनं आहे आणि सगळ्या घराण्यात पसरलेलं आहे.

पाणिनीच्या नजरेतूनही ही गोष्ट सुटली नव्हती. अष्टाध्यायीत 3.4.83 हे सूत्र आहे: ‘विदो लटो वा’. विद् धातूपुढे लट् च्या, म्हणजे वर्तमानकाळाच्या प्रत्ययांच्या जागी लिट् चे प्रत्यय विकल्पानं येतात. म्हणून ‘वेद’ही बरोबर आणि ‘वेत्ति’ही बरोबर. अर्थ एकच, काळ एकच, प्रत्ययांचे संच दोन.

स्लाव्ह भाषेत नेमकं हेच झालं, फक्त दुसऱ्या वाटेनं. जुनं पूर्णत्वदर्शक रूप पहिल्या पुरुषाच्या एकवचनात *वेदे म्हणून टिकलं. बाकीच्या खान्यांत ‘मि, सि, ति’ या वर्तमानाच्या प्रत्ययांनी जागा घेतली. पुढे त्यांनी पहिल्या खान्यातही शिरकाव केला आणि *वेदे शेजारी *वेमि उभं राहिलं. संस्कृत ‘वेद’ आणि ‘वेद्मि’ यांची जोडी जशी, तशीच *वेदे आणि *वेमि यांची. दोन्ही भाषांनी हे एकमेकींना न विचारता केलं. वर्तमानाचा अर्थ असलेल्या क्रियापदाला वर्तमानाचे प्रत्यय लागणं ही स्वाभाविक ओढ आहे, ती दोन्हीकडे दिसली एवढंच.

*वेदे हे रूप काल्पनिक नाही. जुन्या चर्च-स्लाव्हॉनिकमध्ये ते लिहिलेलं सापडतं. स्लोव्हेनियाकडच्या बोलीचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे फ्रायझिंग हस्तलिखितं, इ.स. 1000 च्या आसपासची, लॅटिन लिपीत लिहिलेली, आज म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात असलेली. त्यांतल्या पहिल्या मजकुरात पापांची कबुली देणारा माणूस ‘इस्पोवेदे’ म्हणतो: मी कबूल करतो. ‘इस्-पो’ हे उपसर्ग, आणि पुढे आपलं *वेदे, प्रत्ययासकट शाबूत. स्लाव्ह क्रियापदांच्या रूपांत त्या प्राचीन पूर्णत्वदर्शक लकाराचा इतका स्वच्छ अवशेष दुसरा नाही.

आता हातानं रूपं काढू. पायरी पहिली: धातूचा स्वर. मूळचा ऑ बाल्टिक-स्लाव्ह टप्प्यात, म्हणजे स्लाव्ह आणि लिथुएनियनसारख्या बाल्टिक भाषा एकत्र असताना, अ झाला, म्हणून *वॊइद् चं *वइद् झालं. मग अइ या जोडस्वराचा एकच स्वर झाला, ‘यात’. संस्कृतातही अ + इ मिळून ए, हा गुणसंधी आपण पाठ केलेला असतो. ‘वेद’मधला ए अगदी असाच, आधीच्या अइ मधून आलेला आहे. त्यामुळे दोन्ही भाषांत शेवटी ‘वेद्’ हेच दिसतं, पण ही एकरूपता वारशानं आलेली नाही. दोघींनी तीच घडी स्वतंत्रपणे घातली. जुन्या प्रशियन या बाल्टिक भाषेत मधली अवस्था शिल्लक आहे: ‘वाइदिमाइ’, आम्हाला माहीत आहे. ती भाषा आता बोलली जात नाही, पण 1545 आणि 1561 च्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरपुस्तिकांमुळे हे रूप आपल्याला ठाऊक आहे.

पायरी दुसरी: प्रत्यय जोडणं आणि व्यंजनांची गाठ सोडवणं. आद्य स्लाव्ह भाषेच्या उत्तर काळात प्रत्येक अक्षर स्वरानं संपलं पाहिजे असा कल इतका प्रबळ झाला की अवघड जोडाक्षरं टिकेनात. वेद् + मि मधला द गळला आणि *वेमि उरलं. संस्कृत ‘वेद्मि’त तो द जागच्या जागी आहे. वेद् + सी मधूनही द गेला: *वेसी. संस्कृत ‘वेत्सि’. वेद् + ति मात्र वेगळं वागतं. दोन दंत्य स्पर्श शेजारी आले की संस्कृत त्यांना जुळवून ‘त्त’ करतं, स्लाव्ह त्यांचं ‘स्त’ करते. वेत्ति, पण *वेस्ति. तुम्हाला या अर्थाच्या *वेस्तॆ मध्येही तोच स.

इथे विद्यार्थी हमखास चुकतात. *वेसी मधला स आणि *वेस्ति मधला स एकच आहे असं समजतात. पहिला स हा प्रत्ययाचा आहे आणि त्याच्या आधीचा द गळलेला आहे. दुसरा स हा खुद्द धातूच्या द चंच बदललेलं रूप आहे. दोन्ही ठिकाणी संस्कृत रूप शेजारी लिहिलं, वेत्सि आणि वेत्ति, की गोंधळ उरत नाही.

आणि *वेसी मध्ये स का, श का नाही? इतर क्रियापदांत ‘तू’चा प्रत्यय ‘शी’ आहे: *वीदीशी, तू पाहतोस. इ, उ, र आणि क-वर्ग यांच्यानंतर येणारा स बदलतो, हा नियम स्लाव्ह आणि संस्कृत दोन्हींत आहे. संस्कृतात त्याला षत्व म्हणतात: ‘करोषि’त ष आहे. पण ‘वेत्सि’त स तसाच, कारण मध्ये त् उभा आहे. *वेसी मध्ये तो आडवा आलेला द नंतर गळला खरा, पण तो होता तोवर त्यानं स ला वाचवलं. एखादं व्यंजन नाहीसं झाल्यावरही त्याचा ठसा असा मागे राहतो. या तक्त्यातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

‘त्यांना’चं *वेदेंति पाहू. प्रत्यय मुळात ‘न्ति’, पण व्यंजनानंतर आल्यामुळे त्यातला न स्वरासारखा उच्चारला जाई. असा स्वरात्मक न संस्कृतात नुसता अ होतो, स्लाव्ह भाषेत ‘इन’ आणि मग अनुनासिक ‘एं’. शाळेत अनेकांना पडणारा एक प्रश्न इथे सुटतो: ‘वदन्ति, गच्छन्ति’ असताना ‘ददति’त अनुस्वार का नाही? कारण तिथला अ म्हणजेच तो बदललेला न. स्लाव्ह भाषेत ‘ददति’चं भावंड आहे *दादेंति, ‘ते देतात’, आणि त्यात अनुनासिक अजून ऐकू येतं. *वेदेंति त्याच साच्यातलं.

शेवटच्या दोन स्वरांबद्दल मात्र सावध राहायला हवं. *वेदे चा शेवटचा ए हा मूळच्या ‘अइ’ मधून आला असं मानतात. लॅटिन ‘वीदी’ (मी पाहिलं) मधला ई त्याच्याशी ताडला जातो. *वेसी चा ई सुद्धा साध्या ‘सि’ मधून येऊ शकत नाही, तसा आला असता तर अतिऱ्हस्व ‘सि’ उरला असता, जसा *वेमि आणि *वेस्ति मध्ये उरला. म्हणून तिथेही आत्मनेपदी ‘सइ’ (संस्कृत ‘से’) धरतात. पण मग एकाच ‘अइ’चा एका खान्यात ए आणि दुसऱ्या खान्यात ई कसा? शब्दाच्या शेवटी या जोडस्वराचं नेमकं काय होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तक्ता शिकवताना या दोन जागा ‘नियमानं काढल्या’ असं सांगू नये. त्या रूपांवरून नियम शोधला जातो आहे.

एक गोष्ट स्लाव्ह भाषेनं गमावली. वेद/विद्म ही स्वरांची अदलाबदल तिथे नाही. ‘आम्हाला’ साठी *वेमु येतं, एकवचनातलाच दीर्घ स्वर सगळीकडे पसरला. प्रशियन ‘वाइदिमाइ’तही अनेकवचनात आइ आहे, तेव्हा ही सपाटी कदाचित स्लाव्ह भाषा वेगळी होण्याआधीचीच.

आज्ञार्थ हा वेगळाच गमतीचा भाग. स्लाव्ह आज्ञार्थ मुळात विधिलिङ् (‘व्हावं, करावं’ अशा अर्थाचं रूप) आहे. ‘जाण!’ याचं जुनं रूप *वेद्यि, संस्कृत ‘विद्यात्’मधल्या ‘द्या’ची आठवण करून देणारं. द् आणि य् एकत्र आले की प्रत्येक स्लाव्ह शाखा आपापली वाट धरते (झ़ म्हणजे इंग्रजी ‘measure’मधल्या s सारखा ध्वनी, ज़ म्हणजे ‘zoo’मधला z): चर्च-स्लाव्हॉनिकमध्ये ‘वेझ़्दि’, चेकमध्ये ‘व्येज़’, पोलिशमध्ये ‘व्येद्ज़’. पोलिश ध्वनी म्हणजे आपल्या ‘जागा’ शब्दातला दंत्य ज, फक्त शब्दाच्या शेवटी तो अघोष होतो. द्य चं असं रूपांतर मराठीच्या घरातही झालेलं आहे: अद्य → अज्ज → आज, विद्युत् → विज्जु → वीज. ध्य चंही तसंच, मध्य → मज्झ, आणि आपलं माजघर म्हणजे मधलं घर. स्लाव्ह भाषेत ‘मध्य’चं भावंड *मॆद्या, अर्थ ‘बांध, शेताची हद्द’. रशियनमध्ये ते ‘मेझ़ा’, पोलिशमध्ये ‘म्येद्ज़ा’. रशियन ‘मेझ़्दू’ (मध्ये) यात ‘झ़्द’ दिसतं, कारण तो शब्द चर्चच्या भाषेतून आला. एखाद्या रशियन शब्दात जुन्या द्य च्या जागी ‘झ़्द’ दिसला की तो बहुधा चर्चकडून आला असं समजावं. ‘झ़’ असला तर घरचा.

बाकीची रूपं *वेदे- या लांबवलेल्या अंगावर बनतात. *वेदेती हे मूळ रूपही त्यातलंच. त्यातला दुसरा ए हा स्थितिदर्शक प्रत्यय आहे, तो *वीदेती (पाहणे) आणि *सेदेती (बसलेलं असणे) यांतही आहे. धातुसाधित *वेदोमु, ‘माहीत असलेला’. चेक ‘व्येदोमी’ म्हणजे जाणीव, शुद्ध. आपल्या ‘संवेदना’चा धातू तोच.

आजच्या भाषांत काय उरलं? स्लोव्हेनियननं सर्वांत प्रामाणिकपणे जपलं, द्विवचनासकट: वेम, वेश, वे; वेवा, वेस्ता; वेमो, वेस्ते, वेदो. चेक: वीम, वीश, वी, वीमे, वीते, व्येद्यी. पोलिशमध्ये व्येम, व्येश, व्ये. लक्षात येईल की ‘तू’च्या रूपात सगळीकडे श आला आहे, बहुसंख्य क्रियापदांचं पाहून जुना सी बदलला. युक्रेनियननं मात्र तो सोडला नाही. तिथे नुसतं ‘वेम’ गेलं, पण ‘उत्तर देणे’ या उपसर्गयुक्त क्रियापदात ‘विद्पोवीम, विद्पोविसी’ असं आजही म्हणतात, तसंच ‘दासी’ (तू देशील) आणि ‘यिसी’ (तू खातोस). रशियनमध्ये हा तक्ता मोडला. आजचं ‘वेदात्’ हे क्रियापद पुढच्या काळातलं, सरळ चालीचं, आणि तेही पुस्तकी. रोजच्या बोलण्यात ‘ज़्नात्’ आलं. रशियनवरून मूळ रूप शोधू पाहणारे याच ‘वेदात्’पाशी फसतात. खरं जुनं रूप एका वाक्प्रचारात दडलं आहे: ‘बोग् व्येस्त्’, देव जाणे. तो ‘व्येस्त्’ म्हणजे आपलं *वेस्ति, तृतीय पुरुष एकवचन.

हे ‘ज़्नात्’ आपल्या ओळखीचं आहे. आद्य स्लाव्ह *ज़्नाती, संस्कृत ज्ञा, मराठी ‘जाणणे’. आद्य स्लाव्ह भाषेत दोन्ही क्रियापदं शेजारी नांदत होती आणि पोलिश-चेकमध्ये अजून नांदतात. तो येणार आहे हे माहीत असणं वेगळं, त्याला ओळखणं वेगळं: चेक माणूस पहिल्यासाठी ‘वीम’ म्हणतो, दुसऱ्यासाठी ‘ज़्नाम’. मराठीत आपण ‘ठाऊक असणे’ आणि ‘ओळखणे’ असा भेद करतो, त्यामुळे हे शिकायला अडचण पडू नये. ‘मी त्याला वीम’ अशी चूक इंग्रजीतून विचार करणाऱ्यांकडून जास्त होते.

‘मि’ या प्रत्ययाचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या चर्च-स्लाव्हॉनिकमध्ये तो जेमतेम पाच क्रियापदांना लागत असे: असणे, देणे, खाणे, माहीत असणे आणि जवळ असणे. बाकी सगळ्यांना अनुनासिक ‘ओं’. पण ही पाच क्रियापदं रोजच्या तोंडातली. त्यांच्या बळावर म पसरत गेला. स्लोव्हाकमध्ये आज ‘मी’चं जवळपास प्रत्येक वर्तमान रूप म नं संपतं. सर्बियन-क्रोएशियनमध्ये जुना प्रत्यय दोनच क्रियापदांत उरला, ‘होचु’ (मला हवं) आणि ‘मोगु’ (मला जमतं). रशियननं उलटं केलं: तिथे म फक्त ‘दाम’ आणि ‘येम’ यांत आहे.

या क्रियापदाभोवती सारखे दिसणारे शब्द फार आहेत. सर्वांत मोठा गोंधळ *वॆदों, ‘मी नेतो’, याच्याशी होतो. रशियनमध्ये दोन्ही धातू आता सारखेच ऐकू येतात. पण त्यात ऱ्हस्व ए आहे, ‘यात’ नाही, आणि मूळ धातू *वॆध्, लिथुएनियन ‘वेदु’. संस्कृत ‘वधू’ याच धातूशी जोडतात: जिला नेतात ती. स्लाव्ह भाषेत द आणि ध एक झाले, म्हणून दोन्ही धातू द नं संपतात. आपल्याकडे द-ध वेगळे राहिले असल्यानं वेद आणि वधू यांची गल्लत होत नाही.

द आणि ध एक झाले तरी त्यांच्या वेगळेपणाचा पुरावा स्लाव्ह भाषेत दुसरीकडे आहे. साध्या घोष व्यंजनाआधी, म्हणजे मूळच्या द, ग, ब आधी, बाल्टिक-स्लाव्हमध्ये स्वर दीर्घ होतो. महाप्राण ध, घ, भ आधी होत नाही. वेर्नर विंटर यांनी हे मांडलं, 1978 मध्ये ते छापून आलं, आणि नियमाला त्यांचंच नाव मिळालं. ‘खाणे’ हा धातू संस्कृतात अद्, ऱ्हस्व अ. स्लाव्हमध्ये एद्, दीर्घ ‘यात’. पण *वॆध् चा स्वर *वॆदों मध्ये ऱ्हस्वच राहिला. स्वराची लांबी मोजली की पुढचं व्यंजन मूळचं द होतं की ध ते कळतं.

‘साक्षीदार’ या अर्थाचा रशियन शब्द आज ‘स्वीदेतेल’ असा आहे. वाटतं की ‘पाहणे’पासून आला, जसा आपला साक्षी ‘अक्ष’पासून, म्हणजे डोळ्यापासून आला. पण जुनं रूप ‘सुवेदेतॆलि’, ज्याला माहीत आहे तो. लोकांनी त्यात ‘वीदेत्’ (पाहणे) ऐकलं आणि स्वर बदलला. शेवटी दोन्ही एकाच *वॆइद् धातूचे, म्हणून ही चूक एका अर्थी फिरून घरीच आली. पोलिश ‘श्व्यादेक’ आणि चेक ‘स्व्येदेक’ यांनी मात्र जुना स्वर राखला.

एक समज आपल्याकडे वारंवार फिरताना दिसतो आणि तो खोडून काढणं गरजेचं आहे: रशियनमध्ये असे शब्द आहेत, म्हणजे रशियन संस्कृतातून निघाली. ते शक्य नाही. संस्कृतात मूळचे ए, ऑ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर एकाच अ मध्ये मिसळले. स्लाव्ह भाषेनं ए वेगळा ठेवला: संस्कृत ‘मधु’, पण स्लाव्ह *मॆदु, आणि ग्रीक ‘मेथु’ हा ए जुनाच असल्याची साक्ष देतं. एकदा मिसळलेले स्वर पुन्हा बिनचूक वेगळे करणं कोणत्याही भाषेला जमत नाही. दोघी बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. नातं खरं आहे, ते वाढवून सांगण्याची गरज नाही.

स्वतः करून पाहायचं असेल तर *एस्ती, ‘खाणे’, घ्या. शेजारी संस्कृत रूपं मांडा: अद्मि, अत्सि, अत्ति, अदन्ति. विंटरच्या नियमानं अ च्या जागी दीर्घ ए. म आणि स च्या आधीचा द काढा, त च्या आधीच्या द चा स करा. *एमि, *एसी, *एस्ति, *एदेंति. ‘अदन्ति’तला न मात्र ताडू नका, तो इतर क्रियापदांच्या साच्यातून आलेला आहे, इथे ‘ददति’चाच नमुना धरायचा. शब्दारंभी पुढे य लागतो, म्हणून रशियन ‘येम’, युक्रेनियन ‘यीम’.

मग *मॆदु आणि *एद् जोडा. *मॆद्वेदि, ‘मध खाणारा’: अस्वल. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164 व्या सूक्तात झाडावरच्या पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटलं आहे; घडण तीच, प्राणी वेगळा. उ चा व् झाला आणि पुढे एद्, त्यामुळे ऐकताना ‘वेद्’ असा तुकडा कानावर पडतो, आणि पुष्कळ स्लाव्ह लोक आजही ‘मध कुठे आहे हे जाणणारा’ असा अर्थ सांगतात. तो व धातूचा नाही, मधाचा आहे. पोलिशमध्ये तर सुरुवातीचा म जाऊन न आला आणि शब्द ‘न्येज्व्येच’ झाला, तिथे मधही ओळखू येत नाही.